सिकलसेल असलेल्या मुलांसाठी फ्लूची लस

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी ताठ आणि विळ्याच्या आकाराच्या होतात. फ्लूमध्ये नेमकी तीच परिस्थिती तयार होते. तापाने अंगातले पाणी कमी होते, मूल खात-पीत नाही, त्यात फुफ्फुसांना सूज आली की ऑक्सिजन घटतो. पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखू लागते. हेच फुफ्फुसात घडले तर एक दुष्टचक्रच सुरू होते: अडकलेल्या पेशींमुळे ऑक्सिजन आणखी घटतो, त्यामुळे आणखी पेशी वाकतात. याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतल्या चार राज्यांच्या नोंदींवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिकलसेल असलेल्या मुलांना फ्लूमुळे रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण इतर मुलांच्या ५६ पट आढळले होते.

त्यात या मुलांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळून काढणारा पोटातला अवयव, लहान वयातच निकामी होत जाते. फ्लूने दुबळ्या झालेल्या फुफ्फुसात न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारखे जिवाणू शिरले तर ते रक्तात झपाट्याने पसरतात. म्हणून न्यूमोकोकसची लस आणि लहान वयात रोजचे पेनिसिलिन हेही चालूच ठेवायचे असते. फ्लूची लस त्यांची जागा घेत नाही.

लस सहा महिने पूर्ण झाल्यावर देता येते. ती टोचायचीच हवी. नाकात फवारायच्या लशीत जिवंत, कमजोर केलेला विषाणू असतो; प्लीहा निकामी असलेल्यांना ती देत नाहीत. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असले तरी ही लस देता येते.

सर्वात जास्त घोळ होतो तो दुसऱ्या डोसचा. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला पहिल्यांदाच लस देत असाल, तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिल्या डोसाने शरीराला विषाणूची ओळख होते, पण पुरेशी प्रतिकारशक्ती दुसऱ्यानंतर येते, तीही साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे सुरुवातीपासून सहा आठवडे धरा आणि फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच पहिला डोस घ्या. पुढे दरवर्षी एकच डोस. तो टाळता येत नाही, कारण विषाणू बदलत राहतो आणि लशीचे घटकही त्याप्रमाणे बदलले जातात. ही मुले तपासणीला वरचेवर येतातच. त्याच भेटीत लस टोचून पुढची तारीख कार्डावर लिहून घेतलेली बरी.

टोचलेली जागा एक-दोन दिवस दुखते, थोडी कणकण येते. इथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो: लस घेतल्यानंतरचा ताप ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१.३ फॅरनहाइटवर गेला, तर ‘लशीचाच असेल’ म्हणून घरी थांबू नका. या मुलांमध्ये असा ताप रक्तातल्या जंतुसंसर्गाचा असू शकतो, आणि तपासल्याशिवाय फरक कळत नाही. लगेच रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन देऊ नका.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. लक्षणे दिसताच डॉक्टरांना सांगा. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. आणि लस फक्त त्या मुलालाच नको. आईवडील, भावंडे, आजीआजोबा, घरातल्या सगळ्यांनीच ती घ्यावी. विषाणू बहुधा त्यांच्यापैकीच कोणाकडून तरी येतो.