पडद्यावरचा दाब घसरतो तेव्हा

२५ जुलै २०१०. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळून जाणारी एन्ब्रिज कंपनीची ३० इंची तेलवाहिनी ठरल्या वेळी बंद केली जात होती. पंप थांबत असतानाच जमिनीखाली पाइपला जवळजवळ दोन मीटर लांबीची चीर गेली. तिकडे कॅनडातल्या एडमंटनमधल्या नियंत्रण कक्षात दाबाचा आकडा घसरला, अलार्म वाजू लागले. पाळीवरच्या माणसांनी ठरवलं, पंप बंद केल्यामुळे वाहिनीत पोकळी झाली असणार.

ही शंका वेडगळ नव्हती, हे आधी सांगायला हवं. वाहिनी चढ-उतारांवरून जाते. प्रवाह थांबला की तेल सखल भागाकडे ओसरतं आणि उंचवट्यावर वाफेने भरलेली पोकळी उरते. तेव्हाही दाब कमीच दिसतो. ती भरून काढायची तर पंप लावून आणखी तेल ढकलायचं. पण पाइप फुटला असेल, तर तोच पंप तेल थेट मातीत ओततो. दोन दुखणी, लक्षण एकच, आणि एकाचं औषध म्हणजे दुसऱ्याचं विष.

पहाटे आणि सकाळी, असा दोनदा पंप लावला गेला. सांडलेल्या तेलातलं ८१ टक्के तेल या दोन वेळांत बाहेर पडलं, असं चौकशीत निघालं. आदल्या रात्रीच गावकऱ्यांनी उग्र वास येत असल्याचं कळवलं होतं. अग्निशमन दलाचे लोक फिरून आले, त्यांना काही सापडलं नाही. अखेर सतरा तासांनी एका स्थानिक गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने फोन करून ओढ्यात तेल असल्याचं सांगितलं, तेव्हा झडपा बंद झाल्या. तोवर सुमारे ३२ लाख लिटर तेल बाहेर पडून ओढ्यातून कालामाझू नदीत पोचलं होतं. ते साधं तेलही नव्हतं. डांबरासारखं घट्ट बिट्युमेन वाहतं राहावं म्हणून त्यात पातळ द्रव मिसळलेला होता. उघड्यावर तो द्रव उडून गेला आणि जड भाग नदीच्या तळाशी बसला. पृष्ठभागावरचं तेल अडवणारे तरंगते अडसर त्यापुढे काय करणार?

चीर त्या संध्याकाळी गेली, पण पाइप कित्येक वर्षं आजारी होता. बाहेरून गुंडाळलेली संरक्षक पट्टी सुटली होती, तिच्याखाली ओल शिरली, गंज चढला, आणि दाबाच्या रोजच्या चढ-उताराने बारीक भेगा वाढत गेल्या. पाइपच्या आतून प्रवाहाबरोबर एक तपासणी यंत्र सोडतात. या धंद्यातली माणसं त्याला ‘पिग’ म्हणतात. २००५ मध्ये असं यंत्र तिथून गेलं होतं आणि त्या जागची खूण त्याने नोंदवलीही होती. तिथे खणून कुणी पाहिलं नाही.

काही जखमा खोदकामातून होतात. यंत्राच्या दातांनी पाइप खरवडला जातो, पण फुटत नाही. खड्डा बुजवला जातो आणि सगळे विसरतात. त्या ओरखड्याशी भिंत पातळ झालेली असते आणि सगळा ताण तिथेच एकवटतो. बेल्जियममधल्या गिलेंगिएन इथे ३० जुलै २००४ रोजी मोठी गॅसवाहिनी फुटून २४ जण गेले. पाइपवर आधीच्या बांधकामातले ओरखडे होते. गळतीची वर्दी मिळताच धावून आलेले अग्निशामकही मृतांमध्ये होते.

गॅसची वाहिनी तेलाच्या वाहिनीपेक्षा फार हिंसक फुटते, त्याचं कारण साधं आहे. द्रव फारसा दाबला जात नाही, त्यामुळे चीर पडताच तिथला दाब झटकन उतरतो. दाबून भरलेला वायू मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तडा पुढे पळतो आणि दाब उतरल्याची लाटही वायूतून पळते. लाट पुढे गेली तर तड्यामागचा जोर सरतो आणि तो थांबतो. तडा पुढे राहिला, तर पाइप उसवत जातो. म्हणून पोलाद चिवट लागतं.

९ सप्टेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोमध्ये पाइपचा साडेआठ मीटरांचा तुकडा उखडून तीसेक मीटर लांब जाऊन पडला. आठ माणसं गेली, ३८ घरं बेचिराख झाली. दाब परवानगीच्या मर्यादेतच होता. पण १९५६ साली बसवलेल्या त्या भागातलं लांबीचं वेल्डिंग अर्धवट होतं आणि कंपनीच्या कागदावर तो पाइप बिनजोडाचा होता. गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली, कारण झडपा हाताने फिरवाव्या लागल्या. तेवढा वेळ वस्तीत आग जळत राहिली. मला यातलं सगळ्यांत अस्वस्थ करतं ते हे की चूक चोपन्न वर्षं जमिनीत होती आणि कागद तिच्यावर पांघरूण घालत होता.

त्याआधी ४ जून १९८९ ला सोव्हिएत संघात उफाजवळ याहून भयंकर घडलं. द्रवरूप गॅसची वाहिनी गळत होती. पडलेला दाब भरून काढायला तिथेही पंपांचा जोर वाढवला गेला, असं सांगितलं जातं. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने रेल्वेमार्गालगतच्या सखल भागात साचत गेला. मध्यरात्रीनंतर दोन प्रवासी गाड्या समोरासमोरून जात असताना त्याने पेट घेतला. साडेपाचशेहून जास्त लोक गेले, त्यांत कितीतरी मुलं होती.

२०२२ मध्ये अमेरिकेने नियम केला. नव्या किंवा पूर्ण बदललेल्या मोठ्या वाहिन्यांवर अशा झडपा हव्यात की फुटल्याचं ओळखल्यापासून ३० मिनिटांत त्या बंद होतील. जमिनीत आधीपासून पुरलेल्या जुन्या वाहिन्या त्यात येत नाहीत. आणि ती ३० मिनिटं सुरू होतात ती ओळख पटल्यावर. मार्शलमधले सतरा तास ओळख पटण्याआधीचे होते.