मुरुमांचं औषध, खवल्यांचं औषध: रेटिनॉइड आणि आम्लांची पार्श्वभूमी

‘रेटिनॉल लावू की ग्लायकोलिक?’ आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. दोन्ही चेहऱ्याच्या सिरममधली रसायनं: पहिलं रेटिनॉइडांपैकी, दुसरं आम्लांपैकी. उत्तरंही भराभर येतात. कुणाला रेटिनॉलने चेहरा सोलून निघालेला असतो, तर कुणाला ग्लायकोलिकने आठ दिवसांत तकाकी आलेली असते. ही दोन्ही आली कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. मुळात दोन्हींपैकी एकही सुरकुत्यांसाठी नव्हतं. एक मुरुमांचं औषध होतं. दुसरं माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे धरणाऱ्या कातडीचं. आणि दोन्ही वाढली अमेरिकेतल्या एकाच शहरात, फिलाडेल्फियात, पाच वर्षांच्या अंतराने. ही हकीकत कळल्यावर माझी स्वतःची निवड खूप सोपी झाली, म्हणून ती सविस्तर सांगते.

रेटिनॉइड म्हणजे अ जीवनसत्त्वाचं कुटुंब. आपल्याला हे जीवनसत्त्व आठवतं ते अंगणवाडीतल्या डोसमुळे: चमच्यातलं पिवळसर तेलकट औषध आणि तोंड वाकडं करणारं पोर. पोरांना आंधळेपण येऊ नये म्हणून आपल्याकडे १९७० पासून हा कार्यक्रम चालू आहे. या जीवनसत्त्वाचा शोध १९१३ चा. विस्कॉन्सिनमध्ये एल्मर मॅककोलम आणि मार्गारेट डेव्हिस यांना दिसलं की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असं काहीतरी आहे, जे मिळालं नाही तर उंदरांची वाढ खुंटते. १९२५ मध्ये वोल्बाख आणि हाउ या संशोधकांनी अ जीवनसत्त्वाशिवाय ठेवलेल्या उंदरांची शरीरं तपासली. श्वासनलिका आणि ग्रंथी यांचं आतलं ओलसर, नाजूक अस्तर जाऊन त्या जागी कोरडा, जाड, शिंगासारखा थर आला होता. पेशी कशी घडायची आणि कुठे जाड व्हायचं, हे हे जीवनसत्त्व ठरवतं, याचा तो पहिला ठळक पुरावा. रेटिनॉइड पेशीला आतून हुकूम देतं, हे सूत्र तिथूनच हाती लागलं.

१९३१ मध्ये झुरिचच्या पॉल कॅरर यांनी त्याची रेणुरचना मांडली आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९४६ मध्ये नेदरलँड्समध्ये आरेन्स आणि व्हॅन डॉर्प यांनी अ जीवनसत्त्वाचं आम्ल बनवलं. तेच आजचं ट्रेटिनॉइन. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत गुंटर श्ट्युटगेन यांनी ते त्वचेच्या आजारांवर लावून पाहिलं. गुण येत होता, पण कातडी लाल व्हायची, जळजळायची, सोलायची. ते सर्वांच्या हाती यायला अजून काही वर्षं जायची होती.

ते घडवलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आपण बोटावर घेतो त्या वाटाण्याएवढ्या क्रीममागे एक तुरुंग आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात क्लिगमन यांच्या देखरेखीखाली कैद्यांवर प्रयोग चालत. कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतले कितीतरी जण खटला उभा राहायची वाट पाहत होते. थोडेफार डॉलर मिळायचे म्हणून ते पाठ आणि दंड पुढे करायचे. सौंदर्यप्रसाधनांपासून डायॉक्सिनसारख्या विषापर्यंत बरंच काही त्यांच्या कातडीवर लावलं गेलं. ट्रेटिनॉइनच्या सुरुवातीच्या कामातही या कैद्यांची कातडी वापरली गेली. तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा डोळ्यांसमोर एकरच्या एकर त्वचा दिसली, सुपीक जमीन पहिल्यांदा पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखं वाटलं, असं क्लिगमन यांनी १९६६ मध्ये एका पत्रकाराला सांगितलं होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला ही उपमा वाचवत नाही. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली २०२१ मध्ये, शहराने २०२२ मध्ये. तोवर त्या कैद्यांपैकी कित्येक हयात नव्हते.

१९६९ मध्ये क्लिगमन, फुल्टन आणि प्लेविग यांचा मुरुमांवरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९७१ मध्ये रेटिन-ए या नावाने ट्रेटिनॉइनला अमेरिकेत मंजुरी मिळाली, फक्त मुरुमांसाठी. मग एक वेगळीच गोष्ट कानावर येऊ लागली. मुरुमांसाठी औषध लावणाऱ्या मध्यमवयीन बायका सांगू लागल्या की चेहरा नितळ झाला, बारीक रेघा कमी झाल्या. क्लिगमन यांनी हे मनावर घेतलं. १९८६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनचा परिणाम मांडला. वयाने येणारं जुनेपण वेगळं आणि उन्हाने येणारं वेगळं, हा भेद तेव्हापासून रुळला. मला तो या साऱ्या हकिकतीतला सर्वांत कामाचा वाटतो. आजीच्या पोटावरची कातडी आणि तिच्याच हाताची पाठ शेजारी ठेवून पाहा. वय एकच, पण एक मऊ आणि फिकी, दुसरी खरखरीत आणि ठिपक्यांची.

१९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेल्या चाचणीने धमाल उडवली. ३० जण, १६ आठवडे, एका हाताला ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि दुसऱ्या हाताला नुसतं क्रीम. औषधाच्या हातावर फरक स्पष्ट दिसला, आणि बहुतेकांना दाहही झाला. बातमी फुटली तशा ट्यूबा दुकानांतून संपू लागल्या. मंजुरी मात्र अजूनही मुरुमांचीच होती. सुरकुत्यांसाठी त्याचा परस्पर प्रचार झाला का, याची सरकारी चौकशी लागली तेव्हा औषध बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी कागदपत्रं नष्ट केली. १९९५ मध्ये कंपनीने न्यायालयात ते कबूल करून दंड भरला. त्याच वर्षाच्या अखेरीस बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनला रीतसर मंजुरी मिळाली, रेनोव्हा या नावाने, ०.०५ टक्क्यांत.

प्रसिद्धीपेक्षा मला पुढची दोन कामं मोलाची वाटतात. १९९३ च्या एका अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या कातडीवर दहा-बारा महिने ट्रेटिनॉइन लावल्यावर नवं कोलॅजेन तयार होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. नुसतं क्रीम लावलेल्यांत ते उलट घटलं होतं. कोलॅजेन म्हणजे कातडीच्या आतली वीण. आणि १९९५ मध्ये दिसलं की ०.०२५ टक्का ट्रेटिनॉइन ०.१ टक्क्याइतकंच काम करतं, दाह मात्र बराच कमी. सौम्य घ्या आणि टिकून लावा, या सल्ल्याचा आधार हा आहे. हुकूम पेशीत पोहोचतो कसा, याचं उत्तर त्याआधीच १९८७ मध्ये मिळालं होतं. फ्रान्समध्ये पियेर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या चमूंनी रेटिनॉइक आम्ल ओळखून पकडणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, शोधला. तो पेशीच्या केंद्रकात बसतो आणि जनुकं चालू-बंद करतो.

बिनचिठ्ठीच्या सिरममधलं रेटिनॉल याच घरातलं धाकटं भावंड. त्वचेत त्याचं आधी रेटिनाल होतं आणि मग रेटिनॉइक आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं, म्हणून परिणाम सौम्य आणि उशिरा. तरी ते पोकळ नाही. २००७ मध्ये सरासरी ८७ वर्षांच्या वृद्धांच्या दंडावर ०.४ टक्के रेटिनॉल २४ आठवडे लावून बारीक सुरकुत्या कमी झाल्याचं दाखवलं गेलं. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमात चेहऱ्याच्या क्रीमला ०.३ टक्क्यांची आणि अंगाच्या लोशनला ०.०५ टक्क्यांची मर्यादा घातली. अ जीवनसत्त्व अन्नातूनही पोटात जातं, सगळ्याची बेरीज वाढू नये, हा त्यामागचा विचार. मुरुमांसाठीचं अडापॅलीन हे आणखी एक रेटिनॉइड अमेरिकेत १९९६ मध्ये आलं आणि २०१६ पासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळतं.

आता आम्लं. यांचं मूळ आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचं. कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं. बेसनात दही कालवून चेहऱ्याला लावायचं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण दह्यात हे आम्ल जेमतेम टक्काभर असतं, तेव्हा ते सिरमच्या जागी धरू नये. वैद्यकात आम्लांना जागा दिली ती हॅम्बर्गच्या पाउल गेर्सन उन्ना यांनी. १८८२ मध्ये त्यांनी सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल यांनी कातडीचा वरचा थर कसा काढता येतो याची नोंद केली. पार्लरमधल्या ‘पील’चा वंश तिथपर्यंत जातो.

सिरमच्या बाटलीतली आम्लं मात्र पुन्हा फिलाडेल्फियाचीच. टेम्पल विद्यापीठात त्वचातज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि मूळचे तैवानचे रुए यू इक्थिओसिसवर काम करत होते. या आजारात मेलेल्या पेशी गळून पडत नाहीत. त्या एकावर एक साचतात आणि कातडीवर खवले धरतात. दोघांनी नाना रसायनं लावून पाहिली आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं की अल्फा हायड्रॉक्सी आम्लं हे खवले सोडवतात: ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅलिक आणि त्यांची भावंडं. सर्वांत वरच्या थरातल्या पेशींना चिकटवून ठेवणारे दुवे सैल होतात आणि पापुद्रा सुटतो. निरोगी चेहऱ्यावर तेच केलं की उजेड सारखा परततो आणि आपण म्हणतो, ग्लो आला. पुढे दोघांनी निओस्ट्राटा ही कंपनी काढली, आणि १९९२ मध्ये एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ग्लायकोलिकचं क्रीम घरोघर पोहोचवलं. खोक्यावर उसाचं चित्र दिसलं म्हणून फसू नका. ग्लायकोलिक उसात असतं हे खरं, पण बाटलीतलं बहुतेक कारखान्यातच बनतं.

आम्लं नुसती वरवर खरवडतात असं म्हणणंही बरोबर नाही. १९९६ मध्ये २५ टक्के ताकदीचं आम्ल हातावर सुमारे सहा महिने लावून कातडी जवळपास पाव पटीने जाड झाल्याचं आणि कोलॅजेन वाढल्याचं नोंदलं गेलं. पण २५ टक्के रोज चेहऱ्याला कोण लावणार? घरी वापरायच्या उत्पादनांसाठी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने जास्तीत जास्त १० टक्के आणि कमीत कमी पीएच ३.५ ही सीमा आखली (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). शिवाय एक दुखरी बाजू होती. १० टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावलं की त्वचा उन्हाला सुमारे १८ टक्के अधिक हळवी होते आणि बंद केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत येते, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) पाहणीत आढळलं. २००५ पासून तिथे अशा बाटलीवर उन्हाचा इशारा छापायला सांगितलं जातं.

म्हणून माझं मत सरळ आहे. उन्हाने जून झालेल्या त्वचेसाठी पुरावा रेटिनॉइडच्या बाजूने जड आहे, आणि तो वर्षभर लावण्यावर उभा आहे, आठ दिवसांवर नाही. आम्ल हे खरखरीतपणा, निस्तेजपणा यांवरचं लवकर दिसणारं काम. सॅलिसिलिक तेलात मुरतं, म्हणून तेलकट त्वचेला आणि बंद रंध्रांना ते जवळचं. दोन्ही एकाच रात्री सुरू करणं ही मात्र सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, कारण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत दाह झाला की तो काळा डाग ठेवून जातो. सुरकुतीवर उपाय करायला जायचं आणि गालावर डाग घेऊन यायचं. गरोदरपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर रेटिनॉइड टाळायचंच, यात सवलत नाही.

क्लिगमन यांचं नाव आपल्याकडे आणखी एका वाटेने आलं आहे. १९७५ मध्ये त्यांनी आणि विलिस यांनी डाग उजळण्यासाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. त्याच्याच बदललेल्या रूपातली क्रीमं भारतात ‘गोरं होण्याची ट्यूब’ म्हणून काउंटरवरून विकली गेली. देशातल्या अनेक केंद्रांत मिळून केलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्वचातज्ज्ञांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत टाकली.

माझी वहिनी त्या आकड्यांत नाही, पण असायला हवी होती. वांग आला म्हणून शेजारणीने सांगितलेली ट्यूब तिने आठ महिने लावली. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, म्हणून ती सोडवेना. मी पाहिली तेव्हा ट्यूब शेपटाकडून टूथपेस्टसारखी घट्ट गुंडाळलेली होती. गालांवर लाल धाग्यांसारख्या बारीक शिरा उमटल्या होत्या आणि चुलीपुढे बसलं तरी चेहरा पेटायचा. स्टेरॉइड सुटायलाच तिला पाच महिने लागले. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी अजून आमच्या फ्रिजवर आहे. पहिल्या ओळीत सनस्क्रीन, सकाळी आणि दुपारी. दुसरीत मॉइश्चरायझर. तिसरीत ट्रेटिनॉइन ०.०२५, आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं. आम्लाच्या सिरमचं नाव वहिनीने स्वतःहून विचारलं होतं, ते डॉक्टरांनी खाली लिहून त्यावर काट मारली आहे आणि पुढे लिहिलंय, ‘पावसाळ्यानंतर बघू.’