कूप रस्ता, जाळरेषा आणि वहिवाट : ठाणे-पालघरच्या जंगलातील माउंटन बायकिंगची पार्श्वभूमी

जव्हार, मोखाडा, वाडा, शहापूर या पट्ट्यात माउंटन बाइक घेऊन जाणारे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो अंतराचा किंवा चढाचा नसतो. ‘रस्ता सध्या कसा आहे?’ एवढेच विचारले जाते. मागच्या रविवारी उत्तम असलेला रस्ता या रविवारी चालवण्यासारखा उरत नाही, आणि दोन टेकड्यांपलीकडचा तसाच दिसणारा रस्ता मात्र पक्का असतो. कारण शोधायला गेले की हवामानाबरोबरच लाकूडतोडीचा इतिहासही वाचावा लागतो. हे रस्ते सायकलसाठी झालेले नाहीत, गावांसाठीही नाहीत. ते लाकूड बाहेर काढण्यासाठी झाले. त्यांची रुंदी, चढ, वळणे आणि पृष्ठभाग त्या कामाने ठरवले.

जुना भाग थोडक्यात. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, जळण आणि कोळसा इथल्या साग-ऐन-खैराच्या जंगलातून जाऊ लागला. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव होत गेली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडण्यावर बंधने आली, तशी कुरबुर इतकी वाढली की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. लाकूड तेव्हा बैलगाडीने निघे. आज ‘चाकोरी’ हा शब्द आपण रटाळ आयुष्यासाठी वापरतो; या जंगलांत तो अजून जमिनीवर दिसतो. लोखंडी धावेच्या चाकांनी मुरुमात कोरलेल्या दोन समांतर रेघा आणि मध्ये गवताची पट्टी. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था तोडीच्या कामात आल्या, पुढे बैलगाड्यांची जागा ट्रकने घेतली. चाकोरी रुंद झाली, खोल झाली, तशीच राहिली.

सायकलस्वारासाठी महत्त्वाचा काळ त्यानंतरचा आहे. १९७४ मध्ये वनविकासाचे महामंडळ आले, सागाच्या रोपवनांसाठी नवे कूप आखले गेले आणि कुपापर्यंत ट्रक नेण्यासाठी डोंगराच्या अंगाने रस्ते काढले गेले. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीला किंवा विरळणीला लागलेला जंगलाचा तुकडा. पावसाळा संपला, जमीन वाळली की रस्त्यावर मुरूम पडे, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या खचलेल्या मोऱ्या दुरुस्त होत, पाण्याने कापलेल्या जागा भरल्या जात आणि मग माल निघे. जूनच्या आत सगळे आटपून रस्ता पावसाच्या हवाली केला जाई. ही वार्षिक दुरुस्ती त्या रस्त्यांचा प्राण होती.

२५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेर, म्हणजे वन विभागाच्या कामाच्या आराखड्याबाहेर, तोड करता येईना. जंगलासाठी हे चांगलेच झाले. रस्त्याच्या बाबतीत परिणाम वेगळा झाला, आणि तो कुणी फारसा बोलून दाखवत नाही: जिथे कूप पडणे थांबले, तिथे रस्त्याची दुरुस्तीही थांबली. मोरी पालापाचोळ्याने बुजली की ओढ्याचे पाणी रस्त्यावर येते, चाकोरीला लागते आणि उतारभर तिच्यातूनच धावते. तीन-चार पावसाळ्यांत गुडघाभर घळ पडते. म्हणून ट्रक अजून चालतात ते रस्ते सायकलला चांगले आणि ‘शांत, निर्मनुष्य’ म्हणून कौतुक होणारे रस्ते बहुधा वाईट, असा उलटा हिशेब इथे आहे.

आता मुख्य गुंता. ‘जंगलरस्ता’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

पहिला कूप रस्ता, तो वर आलाच. दुसरी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी जाळून मोकळी ठेवलेली पट्टी. तिसरी वहिवाटीची वाट: पाड्यावरून पाड्यावर, बाजाराला, पाणवठ्यावर, देवाला जाणारी. राखीव जंगल जाहीर होताना अशा वाटांचे हक्क नोंदवले गेले किंवा नोंदवायचे राहून गेले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातले कलम २५ राखीव वनातली वाट बंद करण्याचा अधिकार देते, पण सोयीची दुसरी वाट आधीपासून असली किंवा करून दिली तरच. ही अट गावकऱ्यांसाठी आहे. शहरातून आलेला सायकलस्वार या वाटेवर पाहुणा असतो, हक्कदार नसतो.

सगळ्यात जास्त घोळ जाळरेषेचा झाला आहे आणि त्याचे मूळ बाहेरच्या शब्दात आहे. माउंटन बायकिंगची सुरुवात ज्या कॅलिफोर्नियात झाली तिथे, टॅमलपाईस डोंगराच्या परिसरात, १९७० च्या दशकात पोरे जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन ‘फायर रोड’ उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली ती अशाच रस्त्यावर. उतरताना ब्रेक लावून मागच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यातले, ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून ते नाव. तो फायर रोड म्हणजे आग विझवायला गाडी जावी म्हणून यंत्राने काढलेला रस्ता. त्यावर गाड्या चालणे हाच त्याचा उद्देश.

आपली जाळरेषा म्हणजे तो रस्ता नव्हे. ती जंगलातली मोकळी पट्टी असते. हिवाळ्यात तिच्यावरचे गवत-झुडूप कापून, वाळवून, उन्हाळ्याच्या तोंडावर जाळून टाकतात, म्हणजे जंगलाच्या एका कंपार्टमेंटमधला (विभागातला) वणवा दुसऱ्यात जात नाही. ती हद्दीला धरून किंवा डोंगराच्या सोंडेवरून सरळ चढते. तिला वळणे नसतात, बाजूला चर नसतो, मोरी नसते, कारण तिच्यावरून काही चालवायचेच नसते. पण उपग्रहाच्या छायाचित्रात ती रस्त्यासारखी दिसते. फोनमधल्या नकाशांवर ती कच्चा रस्ता म्हणून चढते, कुणीतरी तिच्यावरून उतरतो, आपली फेरी सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो आणि पुढच्या महिन्यात दहाजण त्याच रेषेवर येतात. सरळ उतारावर मागचा ब्रेक दाबून चाक घसटत नेले की दोन बोटे खोल सरी पडते. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या डोंगरावर त्या सरीचे पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको. वनरक्षक चिडतो तेव्हा तो खेळावर चिडलेला नसतो. त्याच्या लेखी ती आगीविरुद्धची तटबंदी आहे आणि तिच्यात कुणीतरी नाला खणला आहे. मराठीत ‘फायर रोड’ला ‘जाळरेषा’ आणि ‘जाळरेषे’ला ‘फायर रोड’ म्हणणे थांबवले, तर निम्मा वाद मिटेल असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पृष्ठभागाचे ऋतुचक्र आता जवळजवळ सगळ्यांना पाठ आहे. मुरूम म्हणजे कुजलेला काळा पाषाण. त्यातून पाणी चटकन निथळते, म्हणून पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांत तो चाक धरतो. काळी किंवा तांबडी चिकण माती आली की ती टायरला, फोर्कला, साखळीला बिलगते आणि सायकल उचलूनच न्यावी लागते. फरशी पुलांवर शेवाळ. नोव्हेंबर-डिसेंबर हा खरा हंगाम: जमीन घट्ट, अंगात थोडी ओल, गवत वाळत आलेले. मग ट्रक सुरू होतात, मुरुमाचे पीठ होते आणि मार्चपर्यंत चाकोरीत वीतभर फुफाटा साचतो. त्यावर सागाची मोठी पाने पडतात आणि खालचा खड्डा, गोटा, बांबूचा खुंट झाकतात. पडझडी सर्वाधिक याच दिवसांत होतात, पावसात नव्हे.

सायकल हे ‘वाहन’ आहे की नाही, हा दुसरा घोळ. तो नाक्यावर रोज नव्याने घातला जातो. मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने ती मोटार वाहन नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तेच ठामपणे सांगितले जाते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाहनाची व्याख्या फार व्यापक आहे: जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत जाण्यासाठी वापरले जाणारे कोणतेही साधन, आणि त्यात म्हैस, बैल, उंट, गाढव, हत्ती, घोडा, खेचर हेही मोजलेले. गाढव जिथे वाहन ठरते तिथे सायकल सुटत नाही. तानसा आणि तुंगारेश्वर ही अभयारण्ये आहेत, तिथे हा कायदा लागतो. सार्वजनिक महामार्गाने पार होणाऱ्याला सूट आहे, आत वळणाऱ्याला परवानगी हवी. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनात मात्र प्रश्न वाहनाचा नसून अनधिकृत प्रवेशाचा असतो, म्हणजे वन अधिनियमाच्या कलम २६ चा. दोन्हीकडे दंडाची पावती सारखीच दिसते, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या रस्त्यांसाठी सायकली भाड्याने मिळत आल्या आहेत, त्याचा दाखलाही दिला जातो. तो दाखला ठरलेल्या रस्त्यांपुरताच आहे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक भर पडली. पावसाळ्यात धबधबे, धरणे, घाटमाथे यांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. हे आदेश बुडून होणाऱ्या मृत्यूंमुळे निघतात, रस्त्याच्या पृष्ठभागाचा त्यांच्याशी संबंध नाही. तरीही ओल्या रस्त्यांना त्यातून अनायासे विश्रांती मिळते. सायकलस्वारांच्या गटांत या आदेशांवर राग आहे. मला तो पटत नाही. जुलैत या रस्त्यांवरून ट्रकवालाही जात नसे, आणि त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता.

डांबराचा प्रश्न याहून कठीण आहे. जंगलातला रस्ता १९८० च्या आधीचा की नंतरचा, यावर त्याचे पुढे काय करता येईल ते बरेचसे ठरते, आणि तो १९८० च्या आधीचा असल्याचा कागद अनेक पाड्यांकडे नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळण्याची सोय केली, तिचाही उपयोग सावकाश झाला. मोखाडा-जव्हारकडे पावसात बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणल्याच्या बातम्या अजून येतात. ज्या कच्च्या रस्त्याचा फोटो शहरात ‘सुंदर ट्रेल’ म्हणून फिरतो, तोच तो रस्ता असतो. तो पक्का व्हावा ही पाड्याची मागणी आणि तो कच्चा राहावा ही सायकलस्वाराची इच्छा एका तागडीत ठेवता येत नाही.

१ डिसेंबर २०२३ पासून १९८० च्या वन संवर्धन कायद्यातली सुधारणा लागू झाली. कार्य आयोजनेत नमूद केलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी आता वनेतर वापर समजल्या जात नाहीत, म्हणून काही ठिकाणी सायकलमार्गाची अधिकृत मागणी करण्याचा विचार सुरू झाला आहे. आयोजना साधारण दहा वर्षांची असते, तिच्या नकाशावर कूप, रोपवने, पाणवठे, जाळरेषा वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. अर्जात नुसता ‘जंगलरस्ता’ लिहून भागणार नाही. कूप रस्ता मागितला तर तोडीच्या महिन्यांत तो ट्रकसाठी सोडावा लागेल आणि मोऱ्यांच्या साफसफाईचा वाटा उचलावा लागेल. वहिवाटीची वाट मागायची तर आधी ग्रामसभेत बसावे लागेल. जाळरेषा मागूच नये.