आंतरराष्ट्रीय स्थलांतराचे परिणाम : मूळ देश, यजमान देश आणि नाशिक

आंतरराष्ट्रीय स्थलांतर म्हणजे नेहमीच्या वास्तव्याचा देश सोडून दुसऱ्या देशात राहायला जाणे. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार मुक्काम किमान १२ महिन्यांचा असेल, तर ते दीर्घकालीन स्थलांतर. २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०.४ कोटी लोक, म्हणजे साधारण सत्तावीस जणांत एक, असे परदेशी राहतात. त्यांचा सर्वांत मोठा मूळ देश भारत.

नाशिकचा या विषयाशी संबंध अक्षरशः छापील आहे. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात (स्थापना १९२५) भारताच्या पासपोर्टची पुस्तिका छापली जाते. चिप बसवलेला नवा ई-पासपोर्टही तिथलाच. गावात त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. छापखाना एक असला, तरी पुढच्या वाटा दोन. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा पडतो आणि १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली आखातासह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. इंजिनिअरला ही अट नाही. त्याचे घोडे अमेरिकेच्या एच-१बी (कुशल नोकरदारांच्या) व्हिसाच्या लॉटरीत अडते. वर्षाला ८५,००० ची मर्यादा आहे.

मूळ देशाला दिसणारा फायदा पैशाचा. भारतात परदेशातून घरी येणारी रक्कम २०२२ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. नेपाळ, ताजिकिस्तान अशा देशांत तर हा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. तो थेट कुटुंबाच्या हातात पडतो, ही त्याची ताकद. आणि ज्या घरातून कोणी गेलेच नाही तिथे तो पोहोचत नाही, ही मर्यादा. त्या घराच्या वाट्याला बहुतेकदा जमिनीचे वाढलेले भाव येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०-२१ च्या पाहणीत केरळला मागे टाकून महाराष्ट्र पहिला आला (देशात आलेल्या अशा पैशापैकी ३५.२ टक्के). २०२३-२४ मध्ये हे अंतर जवळजवळ मिटले : महाराष्ट्र २०.५, केरळ १९.७ टक्के. अमेरिकेतून येणारा पैसाही आता अमिरातीतल्या पैशापेक्षा जास्त आहे. म्हणजे गवंड्याच्या जोडीला संगणकवाल्याचे पाकीट जड झाले.

तोटा हिशेबात धरणे अवघड. सरकारी महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर गेला की त्याच्यावरचा खर्चही गेला, हे ‘ब्रेन ड्रेन’चे जुने गणित. घरातले गणित कुठल्याच तक्त्यात येत नाही. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या सोसायट्यांत मुलाची चौकशी केली, तर ‘तो तिकडे असतो’ एवढ्यावर भागते. देश सांगावा लागत नाही. वीजबिल तिकडून भरले जाते, गोळ्या ऑनलाइन येतात, पण रात्री दोनला दवाखान्यात न्यायला शेजारीच धावतो. सुट्टी संपवून मुलगा निघाला की २३ किलोच्या बॅगेत गोडा मसाला आणि कोंडाजीचा चिवडा बसवताना ती बॅग काट्यावर तीनदा चढते-उतरते.

यजमान देशाला तयार, तरुण कामकरी हात मिळतात; त्यांच्या बालपणाचा आणि शाळेचा खर्च दुसऱ्याच देशाने केलेला असतो. ‘बाहेरचे आमच्या नोकऱ्या घेतात’ या तक्रारीची गाजलेली परीक्षा मायामीत झाली. १९८० मध्ये काही महिन्यांत क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत उतरले आणि मायामीतला कामगारवर्ग ७ टक्क्यांनी फुगला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना स्थानिकांच्या मजुरीत म्हणण्यासारखी घट आढळली नाही. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी (ते स्वतः क्यूबातून आलेले!) शाळा अर्धवट सोडलेल्यांचे आकडे वेगळे काढून तिथे मोठी घट दाखवली. वाद मिटलेला नाही. मात्र सरासरी ठीक दिसत असताना तळातला माणूस झळ सोसत असू शकतो, हा मुद्दा उरतोच.

अमिराती, कतार येथे दहांपैकी आठाहून अधिक रहिवासी परदेशी आहेत. इमारती, घरकाम, दुकाने त्यांच्यावरच चालतात. ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. काही देशांनी अलीकडे ती सैल केली, तरी मालकाने पासपोर्ट आपल्या खणात ठेवून घेणे थांबलेले नाही. वास्तविक पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, आणि तसे त्या पुस्तिकेतच छापलेले आहे. नाशिकरोडलाच.

परत येणाऱ्यांचा परिणाम संख्येपेक्षा मोठा असतो. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले, नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी १९९७ च्या सुमारास वाइनची द्राक्षे लावली आणि कॅलिफोर्नियाचाच वाइनतज्ज्ञ सल्ल्याला घेतला. खाण्याच्या द्राक्षांच्या या जिल्ह्यात त्यांच्या ‘सुला’मागोमाग वाइनरीज उभ्या राहिल्या. तिकडून शिकून आलेले ज्ञान इकडे मुरले, पण ते मुरायला पायाखाली घरची जमीन होती. छाटणीच्या दिवसांत जिल्ह्यातल्या बागांवर पेठ-सुरगाणा तालुक्यांतून मजूर बिऱ्हाड घेऊन येतात. त्यांनी देशाची हद्द ओलांडलेली नसल्याने वरच्या कुठल्याच आकड्यात ते नाहीत.