नैसर्गिक वायुयुक्त खनिजजल

जमिनीच्या पोटातच कार्बन डाय-ऑक्साइड वायू मुरलेले आणि वर येताच आपोआप बुडबुडे सोडणारे झऱ्याचे किंवा विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी. जर्मनीतील आयफेल, फ्रान्समधील ओव्हेर्न्य आणि जॉर्जियातील बोर्जोमी ही त्याची नामांकित ठिकाणे. सातारा जिल्ह्याला झऱ्यांची वाण नाही. महाबळेश्वर-कासचा माथा तर झऱ्यांवरच जगतो. पण ते पाणी फेसाळत नाही.

पाण्यात किती वायू मावेल हे दाब आणि तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला, हवेच्या नेहमीच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो. शून्य अंशाला त्याच्या दुपटीहून अधिक. पाण्याखाली दर १० मीटरला वातावरणाएवढा दाब वाढत जातो, त्यामुळे खोलवरच्या भेगांतले पाणी भरपूर वायू धरून ठेवते. ते वर आले की दाब उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यासारखे पाणी उसळते. जर्मनीतील आन्डरनाख येथे याच वायूच्या जोरावर थंड पाण्याचे कारंजे ५० मीटरहून उंच उडते; त्यात वाफेचा काही भाग नाही.

वायूमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतल्या खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोह विरघळवत येते. उघड्यावर वायू निघून गेला की लोह हवेशी संयोग पावून खाली बसते, म्हणून अशा झऱ्यांच्या काठी तांबूस साका दिसतो. महाबळेश्वरचा तांबडा जांभा पाहून कोणी तसाच तर्क बांधू नये. जांभ्याचा रंग खडक झिजून मागे उरलेल्या लोहाचा असतो, वायूशी त्याचा संबंध नाही.

सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच, मग इथे असे पाणी का नाही? याचे उत्तर वयात आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला वायू केव्हाच निघून गेला आणि नवा पुरवणारा शिलारस खाली नाही. आयफेलमधला लाखर ज्वालामुखी सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच जागा झाला होता, आणि तिथे खोलातून वायू अजून येतो आहे. कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल घेतलेल्या विंधन विवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला; शिलारस नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळे कोयनेखाली ज्वालामुखी आहे असे पुष्कळांना वाटे. त्या भूकंपाचा संबंध मात्र धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो.

दुसरे कारण पाण्याच्या वाटेचे. घाटमाथ्यावरचा पाऊस सच्छिद्र जांभ्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि उतारावर बाहेर पडतो. हा प्रवास उथळ आणि थोड्या काळाचा असल्याने पाणी हलके, गोड राहते. उलट माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या कित्येक विहिरींचे पाणी जड किंवा मचूळ असते. तिथे क्षार भरपूर, पण वायू नाही. खनिजजल फेसाळ असलेच पाहिजे असे नाही, आणि फेसाळ पाणी खनिजजल असेलच असेही नाही.

झऱ्यात बुडबुडे दिसले म्हणजे तो कार्बन डाय-ऑक्साइडच, हेही खरे नाही. कोकणातल्या उन्हाळ्यांतून, म्हणजे गरम झऱ्यांतून, येणारे बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे असतात, दलदलीतले मिथेनचे. बुडबुडे चुन्याच्या निवळीतून जाऊ दिले आणि निवळी दुधाळ झाली, तरच तो कार्बन डाय-ऑक्साइड आहे असे म्हणावे.

‘नैसर्गिक’ या शब्दावर कायद्याची नजर असते. युरोपीय नियम तीन प्रकार वेगळे मानतात : बाटलीत भरल्यावरही झऱ्याइतकाच वायू असलेले, झऱ्याचाच वायू घालून अधिक फेसाळ केलेले, आणि बाहेरचा वायू भरलेले. दक्षिण फ्रान्समधील व्हेर्झेझचे ‘पेरिए’ हे यातले सर्वांत बोलके उदाहरण. तिथे पाणी आणि वायू वेगवेगळ्या खोलीवरून काढून बाटली भरताना एकत्र करीत. १९९० मध्ये त्यात बेन्झीनचा अंश सापडला. वायूतली ही अशुद्धी गाळणारी गाळणी वेळेवर बदलली नव्हती. सुमारे १६ कोटी बाटल्या परत मागवाव्या लागल्या आणि वायू वेगळा काढून पाण्यात मिसळतात, ही गोष्ट ग्राहकांपुढे उघड झाली. या पाण्याच्या फुगीर हिरव्या बाटलीचा आकार मात्र आपल्याकडचा आहे : पूर्वीचे मालक हार्म्सवर्थ व्यायामासाठी वापरीत असलेल्या भारतीय मुद्गलांवरून तो घेतला. सांगलीकडच्या तालमीत वाढलेल्याला तो बघताच ओळखू यावा.

कृत्रिम सोडावॉटर ही या पाण्याची नक्कल. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये लीड्सच्या मद्यशाळेत आंबणाऱ्या पिंपावरचा वायू पाण्यात मिसळून पाहिला. १७८३ मध्ये जिनीव्हात याकोब श्वेप यांनी त्याचा धंदा उभा केला. हायरम कॉड यांच्या १८७२ च्या पेटंटातून गोटीची बाटली आली. जत्रेत अंगठ्याने गोटी दाबून फोडला जाणारा सोडा तिच्याच वंशातला, आणि त्यातला वायू सिलिंडरचा.

भारतात नैसर्गिक खनिजजलासाठी आयएस १३४२८ आणि बाटलीबंद पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १४५४३ ही वेगळी मानके आहेत. सातारा स्टँडवर ‘बिसलरी’ म्हणून मागितली जाणारी बाटली बहुधा दुसऱ्या प्रकारातली असते, मग छाप कोणताही असो.

जिभेला जाणवणारी चुरचुर मुख्यतः बुडबुडे फुटण्याची नसून वायूपासून बनणाऱ्या आम्लाची असते. औषधी गुणांचे दावे मात्र पारखून घ्यावेत. ‘गेरोलस्टाइनर’ या जर्मन खनिजजलाच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ते उपयोगी. ‘व्हिशी सेलेस्तँ’ या फ्रेंच खनिजजलात सोडियमच एक ग्रॅमहून अधिक. रक्तदाबाच्या रुग्णाने आधी लेबलावरचा सोडियमचा आकडा पाहावा.