पाऊस थांबला, तरी सामना का होत नाही?

वॉर्सॉचे राष्ट्रीय स्टेडियम, १६ ऑक्टोबर २०१२. फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पोलंड आणि इंग्लंड समोरासमोर येणार होते. स्टेडियमला सरकते छत आहे, पण नेमके त्या दिवशी ते उघडे राहिले आणि मैदानाचे तळे झाले. पंच जानलुका रोक्की यांनी चेंडू टाकून पाहिला, तर तो पाण्यात जिथल्या तिथे बसला. भर पावसात छत ओढता येत नाही, असा खुलासा नंतर झाला. वैतागलेल्या प्रेक्षकांपैकी काहींनी मैदानात घुसून पाण्यात घसरून घेतले, आणि सुरक्षारक्षक त्यांच्या मागे. सामना दुसऱ्या दिवशी झाला, १-१ असा बरोबरीत सुटला. पण परत जायचे तिकीट काढून आलेल्याला त्या दुसऱ्या दिवसाचा काय उपयोग?

त्याच वर्षी जूनमध्ये, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत, डोनेत्स्कचा युक्रेन-फ्रान्स सामना सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटे होतात तोच विजांसह मुसळधार पाऊस आला. खेळाडू आत गेले. जवळजवळ तासाभराने तेच मैदान खेळायला तयार होते, आणि फ्रान्सने सामना २-० असा जिंकला.

सामना पुढे ढकलला की चाहत्यांचा राग निघतो तो पंचांवर, आयोजकांवर नाहीतर ढगांवर. शिवाय एक खास आरोपी असतो, मित्रांच्या टोळक्यातला ‘पनवती’. तो सामना बघायला आला की पाऊस येतोच म्हणे! तो आला आणि ऊन पडले असे किती सामने झाले, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. माझ्या मते खरा आरोपी गवताच्या खाली वीतभर खोलीवर असतो.

आधी पाण्याचा हिशेब. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तेव्हा २५ मिलिमीटरच्या एका सरीत मैदानावर पावणेदोन लाख लिटरहून जास्त, म्हणजे सुमारे १७८ टन पाणी पडते. मैदानाला मधून कडेकडे थोडा उतार दिलेला असतो, पण गवतातून आडवे वाहत जाणारे पाणी फारच मंद चालते. जायचे ते बहुतेक सगळे खालीच.

खाली ते किती वेगाने जाईल हे मातीवर ठरते. चिकणमातीत ताशी १ ते ५ मिलिमीटर पाणी मुरते. खास निवडलेल्या वाळूच्या मैदानात ताशी १५० मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त मुरू शकते. पाऊस थांबल्यावर मैदानावर एक सेंटिमीटर पाणी उभे असेल, तर वाळूत ते चार मिनिटांत दिसेनासे होईल. चिकणमाती उत्तम स्थितीत असली तरी दोन तास घेईल, आणि एरवी तर दहा. ‘अर्धा तास थांबा, मग खेळवा’ ही मागणी वाळूच्या मैदानावर रास्त आहे, चिकणमातीच्या मैदानावर निरर्थक.

इतका फरक का पडतो? पाणी कणांमधल्या फटींतून वाहते, आणि अरुंद नळीतून वाहणारे पाणी नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. बुटांनी तुडवून माती दबली की सगळ्यात आधी मिटतात त्या मोठ्या फटी, आणि पाण्याचा खरा रस्ता त्याच असतात. आदल्या आठवड्यात ओल्या मैदानावर दोन सामने उरकले असतील, तर त्याची शिक्षा तिसऱ्या सामन्याच्या प्रेक्षकांना होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. चांगल्या मैदानात वर साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो, त्याखाली १० सेंटिमीटर बारीक खडी, आणि त्याखाली छिद्रे असलेले पाइप. कोणालाही वाटेल, वाळूतून आलेले पाणी खडीत धबाधब पडत असणार, खडीत केवढ्या मोकळ्या जागा! प्रत्यक्षात उलटे होते. वाळूच्या तळाशी आलेले पाणी खडीच्या उंबरठ्यावर अडून बसते.

कारण केशाकर्षण. पाणी बारीक फटींच्या भिंतींना चिकटते आणि पृष्ठताणामुळे तिथे धरून ठेवले जाते. फट जितकी अरुंद, तितकी पकड घट्ट. ०.१ मिलिमीटर त्रिज्येची फट सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकते. १ मिलिमीटर त्रिज्येची फट पेलते जेमतेम दीड सेंटिमीटर. आपली बारीक फट सोडून खडीच्या प्रशस्त पोकळीत उडी घ्यायला पाण्याला काही कारणच नसते. वर पुरेसे पाणी साठून तळाशी दाब वाढला की मगच थेंब सुटतो. आणि सगळा निचरा संपल्यावरसुद्धा वाळूच्या तळाचा एक पट्टा, आपल्या उदाहरणात १५ सेंटिमीटरचा, गच्च भरलेलाच राहतो. याला ‘पर्च्ड वॉटर टेबल’ म्हणजे अधांतरी पाणपातळी म्हणतात. कुंडीच्या तळाशी दगड घातले की निचरा सुधारतो हा बागप्रेमींचा लाडका समज याच कारणाने चुकीचा आहे. दगडांमुळे ओला पट्टा नाहीसा होत नाही, फक्त वर सरकून मुळांशी येतो.

घरी पाहायचे तर भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि न पिळता आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज हळूच लांबीत उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, छिद्रे तीच, गुरुत्वाकर्षण तेच. बदलली ती फक्त उंची. तळाशी अडून राहणाऱ्या पाण्याची उंची छिद्रांच्या आकारावर ठरते, त्यामुळे ती दोन्ही वेळा सारखीच. आडव्या स्पंजात तेवढ्या उंचीत जवळजवळ सगळा स्पंज येतो, उभ्यात मात्र फक्त खालचा भाग.

मैदानाचे गणित हेच आहे. वाळूचा थर ३० सेंटिमीटरचा असेल, तर खालचे १५ ओले आणि वरच्या १५ मध्ये हवा. त्या वरच्या भागातली सुमारे २० टक्के जागा हवेने भरलेली धरली, तरी ३० मिलिमीटर पाऊस नुसता सामावून घेण्याची सोय झाली. पाइप भरायच्या आधीच एक जोरदार सर गिळंकृत. थर दहाच सेंटिमीटरचा असेल तर तो पृष्ठभागापर्यंत ओलाच, हवा नाहीच. अशा मैदानावर पाणी दिसत नसले तरी बूट टेकताच चिखल होतो, तो चिखल फटी बुजवतो, आणि मग पाणी साचते.

मग खडी ठेवायचीच कशाला? कारण अडलेले ते पाणी माळ्याला हवे असते. वाळू लवकर सुकते, गवताला चार दिवस पुरेल असा साठा तिथेच राहतो. वरून जास्तीचे पाणी आलेच, तर ते आडवे पाइपांपर्यंत चटकन पोचवायला खडीसारखे दुसरे काही नाही. काही आधुनिक मैदानांखाली हवा ओढणारे पंखे असतात. ते पाणी ‘शोषून’ घेतात असे जाहिरातीत म्हणतात. खरे काम असे की तळाशी १० सेंटिमीटर पाण्याइतके शोषण दिले, की वाळूचा थर १० सेंटिमीटरने खोल झाल्यासारखा वागतो, म्हणजे पुन्हा उभा स्पंजच. चिकणमातीखाली लावलेला पंखा मात्र नुसती वीज खाईल.

वरवरचे उपाय कितपत चालतात? ३ जुलै १९७४ ला फ्रँकफर्टमध्ये, विश्वचषकाच्या पश्चिम जर्मनी-पोलंड सामन्याआधी अग्निशमन दलाने मैदानावरचे पाणी पंपाने उपसले, रूळ फिरवून ढकलले, आणि सामना सुमारे अर्धा तास उशिरा खेळवला. जर्मनी १-० जिंकली. पण डबक्यांत चेंडू थबकत होता, आणि वेगवान खेळ करणाऱ्या पोलंडचे त्यात नुकसान झाले, असे आजही म्हटले जाते. रूळ वरचे पाणी हलवतो हे खरे, पण त्याच वेळी ओली माती दाबून त्या मोठ्या फटी मिटवतो.

चेंडूचे वागणेही विचित्र. गवत नुसते ओले असेल तर घर्षण कमी होऊन चेंडू जास्त वेगाने पळतो. म्हणूनच मोठे संघ कोरड्या दिवशी सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात. पाणी काही मिलिमीटर उभे राहिले की चेंडूला ते पुढे ढकलत जावे लागते, आणि पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन. एकाच पासमध्ये चेंडू आधी सटकतो आणि मग गपकन थांबतो. त्यामागे धावणाऱ्याचा गुडघा तसा थांबू शकत नाही. चेंडू टाकून पाहणारे पंच नेमके हेच तपासत असतात.

राहिली चाहत्यांची सगळ्यात रास्त तक्रार, निर्णय इतका उशिरा का? वादळी ढग काही किलोमीटरचा असतो. तो नेमक्या याच मैदानावर कोसळेल का, हे रडारवर तासा-दोन तासांआधी भरवशाने सांगता येत नाही. मैदान किती पाणी पिते हे मात्र आठवडाभर आधी मोजता येते. दोन धातूची कडी एकात एक जमिनीत ठोकायची, पाणी भरायचे, आणि आतली पातळी तासाला किती उतरते ते पाहायचे. क्लब आसनसंख्या अभिमानाने छापतात. त्याच्याशेजारी हा एक आकडा छापला, तर पाऊस थांबल्यावर थांबायचे की घरी निघायचे, याचा हिशेब प्रेक्षक आपला आपणच करतील.