जकार्ताच्या केलापा गाडिंगमध्ये घर घ्यायचंय? परदेशी नागरिकासाठी पात्रता, कागदपत्रं आणि खरेदीचा क्रम

उत्तर जकार्तातला केलापा गाडिंग हा भाग म्हणजे एकेकाळची दलदल आणि भातशेती. १९७५ पासून सुमारेकॉन या बांधकाम कंपनीने इथे वसाहत उभी करायला घेतली. आज बुलेवार्ड रस्त्यावर खाली दुकान, वर घर अशा ‘रुको’ इमारतींच्या रांगा आहेत, मोठा मॉल आहे, खाण्याच्या ठिकाणांची रेलचेल आहे आणि २०१९ पासून एलआरटी रेल्वे धावते. शेजारच्या सुंतर आणि कमायोरान पट्ट्यात भारतीय कुटुंबं बरीच आहेत. त्यामुळे नोकरीनिमित्त आलेलं एखादं मराठी कुटुंब इकडे भाड्याने राहू लागतं, भाग आवडतो, आणि मग दलाल विचारतो, “एवढं भाडं भरता, त्यापेक्षा विकतच का घेत नाही?”

घेता येतं. पण दलाल दाखवेल ते प्रत्येक घर घेता येत नाही. जागेचा हक्क आणि किमतीची किमान मर्यादा या दोन चाळण्यांतून जे खाली उतरेल तेवढंच आपलं. टोकन देण्याआधी हे समजून घ्या.

हक्क कोणता, हे आधी

इंडोनेशियाचा १९६० चा मूलभूत जमीन कायदा अजून लागू आहे. त्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हक मिलिक’, व्यक्ती म्हणून फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला मिळतो ‘हक पाकाई’, म्हणजे जागा वापरण्याचा हक्क. २०२१ च्या सरकारी नियमावली क्र. १८ प्रमाणे तो आधी ३० वर्षांचा, मग २० वर्षांची मुदतवाढ आणि नंतर ३० वर्षांचं नूतनीकरण, असा एकूण ८० वर्षांपर्यंत जातो. तो विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसाकडेही जातो. ‘हक गुना बांगुनान’, म्हणजे जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क, हा तिसरा प्रकार इंडोनेशियन नागरिकांसाठी आणि तिथे नोंदलेल्या कंपन्यांसाठी आहे. मात्र अशा जमिनीवरच्या इमारतीतला फ्लॅट आता परदेशी व्यक्तीच्या नावावर होऊ शकतो. २०२१ च्या बदलातली आपल्या कामाची गोष्ट हीच.

हक्काचं जुनं प्रमाणपत्र हिरव्या मुखपृष्ठाच्या पुस्तिकेसारखं असतं, नवं इलेक्ट्रॉनिक असतं आणि त्यावर क्यूआर कोड असतो. दोन्हींत तीन गोष्टी बोट ठेवून वाचा: हक्काचा प्रकार, क्षेत्रफळ आणि हक्क संपण्याची तारीख. केलापा गाडिंग जुना भाग आहे. तीस वर्षांपूर्वी दिलेला हक्क आता मुदतवाढीला आलेला असू शकतो. तो खर्च विकणाऱ्याचा की तुमचा, हे किंमत ठरवतानाच बोलून घ्या.

दुसऱ्याच्या नावावर घेणं

हा मार्ग तुम्हाला नक्की सुचवला जाईल. एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर पूर्ण मालकीचं घर घ्यायचं आणि बाजूला खासगी करार करायचा की खरे मालक तुम्ही. असं करू नका. १९६० च्या त्याच कायद्याचं २६ वं कलम सांगतं की परदेशी व्यक्तीकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्दबातल आहे, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे नाव दिलेला माणूस उलटला, वारला किंवा त्याचा घटस्फोट झाला, तर तुमच्या हातातल्या कराराला कोर्टात आधार उरत नाही. आयुष्याची कमाई अशा कागदावर लावू नये.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर गोष्ट वेगळी. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोटरीसमोर केला असेल, तर तो जोडीदार पूर्ण मालकीचं घर ठेवू शकतो. तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या २०१६ मधल्या निकालानंतर असा करार लग्नानंतरही करता येतो.

पात्रता आणि किमान किंमत

परदेशी खरेदीदाराकडे वैध इमिग्रेशन कागद हवा. नियमांत व्हिसा, पासपोर्ट किंवा निवास परवाना असे शब्द आहेत, त्यामुळे कितास, म्हणजे मुदतीचा निवास परवाना, नसतानाही घर मिळतं असं दलाल सांगतात. तरी माझं मत स्पष्ट आहे: कितास हातात आल्याशिवाय घर घेऊ नका. कर क्रमांक, बँक खातं, रहिवासाची नोंद ही सगळी कामं त्याच्याभोवती फिरतात. भारतीयांना विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा घर पाहायला येण्यापुरता ठीक.

जमिनीवरचं घर असेल तर एका व्यक्तीला किंवा कुटुंबाला एकच भूखंड, तोही २,००० चौरस मीटरपर्यंत. आणि खरी अडचण किमतीची. जमीन मंत्रालयाच्या २०२२ च्या आदेशानुसार जकार्तात परदेशी व्यक्तीने घ्यायच्या घराची किंमत किमान ५ अब्ज रुपिया आणि फ्लॅटची किमान ३ अब्ज रुपिया असावी लागते. भारतीय रुपयांत फ्लॅटच दीड कोटीच्या पुढे जातो. जाहिरातीतले एक अब्जाच्या आसपासचे छोटे फ्लॅट तुमच्यासाठी नाहीतच. तसा फ्लॅट “करून देतो” म्हणणाऱ्यापासून लांब राहा. बजेट तेवढं नसेल किंवा नोकरीचा करार दोन-तीन वर्षांचाच असेल, तर भाड्याने राहणं हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

घर घेतलं की व्हिसा आपोआप मिळतो, हाही गैरसमज. मालमत्तेच्या जोरावर ‘सेकंड होम’ व्हिसा मागायचा तर मालमत्ता १० लाख अमेरिकी डॉलरची लागते. कंपनी काढून तिच्या नावावर जागा घ्यायची तर परदेशी भांडवलाच्या कंपनीला १० अब्ज रुपियांहून मोठी गुंतवणूक दाखवावी लागते. राहत्या घरासाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं

तुमच्याकडून पासपोर्ट, कितास, एनपीडब्ल्यूपी हा कर क्रमांक आणि विवाहित असाल तर विवाह प्रमाणपत्र. महाराष्ट्रातलं विवाह प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडून साक्षांकित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल (परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का) करून आणा. जून २०२२ पासून इंडोनेशिया अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. त्यानंतर शपथबद्ध अनुवादकाकडून इंडोनेशियन भाषांतर. हे काम सुट्टीत गावी आलात तेव्हाच उरकून घ्या. तिकडे बसून ते करून घेणं फार जिकिरीचं होतं.

विकणाऱ्याकडून मूळ प्रमाणपत्र, ओळखपत्र, पती किंवा पत्नीची संमती, बांधकाम परवाना आणि ‘पीबीबी’ या वार्षिक मालमत्ता कराच्या पावत्या. फ्लॅट असेल तर देखभाल शुल्क थकलेलं नाही याचा दाखलाही मागा.

व्यवहार कसा पुढे सरकतो

सगळा व्यवहार पीपीएटी या अधिकाऱ्याभोवती फिरतो. जमिनीचे दस्त करायला सरकारने नेमलेला हा माणूस बहुधा नोटरीही असतो. तो विकणाऱ्याचा किंवा दलालाचा नको, तुम्ही निवडलेला हवा. तो आधी बीपीएन या जमीन कार्यालयात प्रमाणपत्र तपासून घेतो: खरं आहे का, गहाण आहे का, वाद आहे का. जागा पूर्ण मालकीची असेल तर ती परदेशी खरेदीदारासाठी हक पाकाईत बदलावी लागते. इमारत अजून बांधली जात असेल तर आधी नोटरीसमोर प्राथमिक विक्री करार होतो.

मग कर. खरेदीदाराला ‘बीपीएचटीबी’, म्हणजे जागेचा हक्क मिळवण्यावरचा कर, ५ टक्के, ठरावीक वजावट सोडून. विकणाऱ्याला अंतिम प्राप्तिकर २.५ टक्के. दोन्ही भरल्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय पीपीएटी खरेदीखतावर सह्या घेत नाही. अडीच अब्ज रुपियांच्या वरच्या व्यवहारात त्याचं मानधन ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त असू शकत नाही, हा आकडा लक्षात ठेवा. बिल्डरकडून नवीन घर घेतलंत तर मूल्यवर्धित कर वेगळा. खरेदीखत इंडोनेशियन भाषेत असतं. ‘समजलं’ म्हणून मान डोलावू नका. दुभाषा बसवा आणि कलमागणिक अर्थ लावून घ्या. सही झाल्यापासून सात कामकाजी दिवसांत पीपीएटीने कागद बीपीएनकडे नोंदणीला द्यायचे असतात. पोच पावती मागून घ्या.

राहायला गेल्यावर गल्लीच्या ‘आरटी’ प्रमुखाला भेटून नोंद करा आणि नागरी नोंदणी कार्यालयातून रहिवास दाखला घ्या. आरटीचं पत्र तिथे ठिकठिकाणी लागतं, आणि पाणी भरलं की पहिला निरोपही त्याच्याकडूनच येतो.

पाणी

यावर मी अडून बसेन. भूजलाच्या उपशामुळे उत्तर जकार्ता खचते आहे आणि केलापा गाडिंग सखल आहे. २००७ आणि २०२० च्या पुरात इथे पाणी भरलं होतं. पण सगळीकडे सारखं नाही. दोन गल्ल्या सोडून कोरडं राहिलेलं घर असतं. म्हणून घर पाहायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत, जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी. समोरच्या दुकानदाराला विचारा, भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली होती. घराचं जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे, पंपिंगची सोय कोणत्या बाजूला आहे ते पाहा. फ्लॅट असेल तर तळघरातला वाहनतळ आणि विजेचं पॅनेल कुठे बसवलंय, हे इमारतीच्या व्यवस्थापनाला थेट विचारा. वरच्या मजल्यावर राहूनही वीज गेल्यावर लिफ्ट आणि पाणी दोन्ही बंद पडतात.

भारतातून पैसे नेताना

तुम्ही भारतात राहत असाल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात. आजच्या दराने ३ अब्जाचा फ्लॅट त्यात बसतो, ५ अब्जाचं घर एकट्याच्या मर्यादेत बसत नाही. तेव्हा घरातल्या दुसऱ्या सदस्याची मर्यादा जोडता येते, मात्र नियम दोघांनीही पाळायचे. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. दीड कोटी पाठवले तर २८ लाख रुपये अडकतात. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर हाताशी असावे लागतात. तिकडच्या पगारातून घर घेणाऱ्या अनिवासी भारतीयाला ही मर्यादा लागू नाही.

परत येऊन सामान्य निवासी झालात की हे घर प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दरवर्षी दाखवावं लागतं, भाडं येत नसलं तरी. न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि लहान परदेशी गुंतवणुकींना २०२४ मध्ये दिलेली सवलत घर-जमिनीला लागू नाही. वारसांनाही सांगून ठेवा: हक्क त्यांच्याकडे आल्यावर त्यांच्याकडे इंडोनेशियाचा इमिग्रेशन कागद नसेल, तर एका वर्षात तो पात्र व्यक्तीला हस्तांतरित करावा लागतो.